वरचं पाणी, खालचं पाणी

नदी समुद्राला मिळते तिथल्या जेटीवर गळ घेऊन येणारे बहुतेक जण सरळ टोकापर्यंत चालत जातात आणि अंगातला सगळा जोर लावून आमिष लांब भिरकावतात. खुल्या किनाऱ्यावर हे बरोबर आहे, कारण तिथे लाटा फुटतात त्यापलीकडच्या खोलगट पट्ट्यात मासा असतो. नदीमुखावर मात्र लांबीला फारशी किंमत नाही. इथला मासा पाण्याच्या वेळेने आणि थराने फिरतो, आणि पुष्कळदा तुमच्या पायाखालच्या खांबापासून हातभर अंतरावर असतो. गळ बांधणं एका संध्याकाळीत येतं. पाणी ओळखणं हेच या जागेचं खरं कसब आहे, आणि शिकताना सुरुवातही तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

मुखावर एकाच जागी दोन पाणी असतात. नदीचं गोडं पाणी हलकं, लिटरला साधारण 1000 ग्रॅम. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि ते भरतं सुमारे 1025 ग्रॅम. फरक जेमतेम पंचवीस ग्रॅमचा, पण तेवढ्यावर खारं पाणी तळाशी पाचरीसारखं आत शिरतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून बाहेर सरकतं. नदीला पाणी भरपूर आणि भरती बेताची असेल तेव्हा हे थर वेगवेगळे राहतात. उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीत, ओढ (वाहत्या पाण्याचा जोर) वाढली की ते घुसळून एकमेकांत मिसळतात. त्यामुळे अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, थरांचा हा प्रकार जास्त दिसतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन दिवसांत कमी.

याचा गळाशी थेट संबंध आहे. ओहोटी संपत आली की भरतीचं पाणी आधी तळातून आत येऊ लागतं. वर पानं, काटक्या, फेस अजून समुद्राकडे वाहत असतात आणि खाली पाणी फिरलेलं असतं. कडेच्या उथळ पट्ट्यातही पाणी मधल्या खोल धारेपेक्षा आधी वळतं. वरचं पाणी बघून ‘अजून ओहोटीच आहे’ असं म्हणत बसलं, तर भरतीची सुरुवात हातची जाते, आणि माझ्या मते मुखावरची सर्वांत चांगली वेळ तीच.

तळ फिरला की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. बारीक दोरीला 15-20 ग्रॅमचं शिसं बांधा, गळ लावू नका. जेटीच्या कडेवरून ते सरळ खाली तळाला टेकेपर्यंत सोडा, मग वीतभर उचलून पुन्हा टेकवा. असं पाच-सहा वेळा करा. प्रत्येक उचलीला शिसं थोडं चालतं, आणि कुठल्या बाजूला चालतं ते दोरीच्या तिरकेपणावरून समजतं. वर पाणी बाहेर धावत असताना दोरी जवळजवळ उभी राहिली किंवा शिसं उलट आत सरकू लागलं, तर खालचं पाणी फिरलं. त्याच शिशाने तळही कळतो. वाळूवर ते टकटक वाजल्यासारखं टेकतं आणि लगेच सुटतं, चिखलात मऊ बसतं आणि उचलताना चिकटून येतं, दगडावर किंवा कालवांवर खरखरतं. वर ओढलेल्या शिशाच्या बुडाला काय चिकटलंय तेही बघा.

आता वेळापत्रकाबद्दल. छापलेलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाण्याची उंची सांगतं, ओढ सांगत नाही. पूर्ण भरतीची वेळ आणि पाणी थबकण्याची वेळ नदीमुखावर क्वचितच एक असते; पातळी उतरायला लागल्यावरही पाणी काही वेळ आत वाहत राहू शकतं. नदीला पाणी जास्त असेल तर ओहोटी लांबते, भरतीचा काळ आखडतो. हा फरक प्रत्येक जागी वेगळा असल्यामुळे आपल्या जेटीसाठी तो स्वतः मोजूनच काढावा लागतो. वेळापत्रकातली वेळ आणि प्रत्यक्ष पाणी थांबलं ती वेळ शेजारी-शेजारी लिहीत गेलं, की काही उधाणं-भांग उलटेपर्यंत ढोबळ आकडा हाती येतो.

दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. मधल्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्शांचा: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पाणी एकूण 3 मीटर चढणार असेल, तर पहिल्या तासात 25 सेंटीमीटर, दुसऱ्यात 50, मग दोन तास 75-75, पुन्हा 50 आणि शेवटी 25. मुखावर हा हिशेब थोडा वाकडा होतो, पण कुठल्या तासांत ओढ अंगावर येणार हे त्यावरून कळतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. तेव्हा तळाला शिसं टिकवणं कठीण होतं आणि लहान मासे आडोसा धरतात. मोठे मासे मात्र तेव्हाही खातात, फक्त ओढीच्या मधोमध उभे राहून नव्हे.

मासा ओढीत पोहत राहण्यात ताकद घालवत नाही. वाहतं पाणी जेटीच्या खांबावर आपटतं तिथे खांबाच्या पुढ्यात ओढ मंदावते, आणि खांबामागे भोवरे सुटतात. दबा धरणारे मासे, म्हणजे जिताडा, तांबोशी, गोबरा यांच्यासारखे, या दोन्ही ठिकाणी उभे राहतात, तोंड ओढीकडे. बहुतेक जण आमिष खांबाच्या मागच्या संथ पाण्यात टाकतात. पुढची जागा मोकळी पडते आणि तीच अनेकदा जास्त देते. सगळ्यात पक्की जागा म्हणजे वेगवान आणि संथ पाण्याची शीव. पृष्ठभागावर ती फेसाची किंवा कचऱ्याची लांबट रेघ होऊन दिसते. आमिष वेगवान बाजूला पडावं आणि वाहत वाहत शिवेवरून संथ बाजूला यावं, असा अंदाज घेऊन टाकायचं. आमिष ओढीविरुद्ध येताना दिसलं की जुना मासा सहसा हात लावत नाही. कोळंबी तशी पोहत नाही हे त्याला माहीत असतं.

ओहोटीला जेटीच्या खाडीकडच्या बाजूने खाणं बाहेर येतं: कोळंबी, बोयटांची पिल्लं, खेकड्यांची पिल्लं. मासे तेव्हा नदीकडे तोंड करून असतात. भरतीला सगळं उलटतं, आणि जेटीची चांगली बाजूही बदलते. पाणी फिरल्यावरही सकाळी पकडलेल्याच जागेवर चिकटून राहणं ही या ठिकाणची सर्रास चूक. सामान कमी ठेवा, म्हणजे जागा बदलायचा कंटाळा येणार नाही.

रात्री जेटीवर दिवे असतील तर उजेडाचा गोल पाण्यावर पडतो. त्यात बारीक मासळी जमते आणि मोठा मासा अंधाराच्या बाजूला, सावलीच्या कडेला उभा राहून उजेडाकडे बघतो. आमिष उजेडात टाकून सावलीकडे वाहू द्यावं. स्वतःचा टॉर्च पाण्यावर फिरवू नये, शेजारच्याचाही फिरू देऊ नये.

ऐन ओहोटीला, विशेषतः उधाणाच्या दिवशी, गळ न घेता एकदा जेटीवर जा. एरवी पाण्याखाली असलेलं सगळं तेव्हा उघडं पडतं: कुठल्या खांबांवर कालवं दाट आहेत, कुठे जुन्या दोरखंडाचे तुकडे लोंबतायत, कुठे खड्डा आहे, कुठून चिंचोळी धार बाहेर पडते. फोटो काढून ठेवा. नंतर गढूळ पाण्यात आमिष टाकताना तोच नकाशा कामाला येतो.

साधनांबाबत मी लांबीपेक्षा जाडीचा विचार जास्त करते. पाणी दोरीला ढकलतं तो जोर दोरीच्या जाडीबरोबर वाढतो आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. ओढ दुप्पट झाली की धक्का चौपट. म्हणून संथ पाण्यात 60 ग्रॅमचं शिसं पुरत असेल, तर वेग दुप्पट झाल्यावर 120 ग्रॅमनेही भागत नाही. नुसतं शिसं वाढवत जाण्यापेक्षा दोरी बारीक केलेली बरी. 10 ते 15 किलो ताकदीची ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, दोरी त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा (एकसंध नायलॉनच्या दोरीपेक्षा) बरीच बारीक असते, ताणली जात नाही, आणि तळाशी झालेली ठोकर हाताला स्वच्छ सांगते. तिचा दोष एकच, पण जेटीवर तोच जीवघेणा: ताणलेली ब्रेडेड दोरी कालवाच्या कडेला लागली की क्षणात तुटते. म्हणून पुढे 0.60 ते 0.70 मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचा लीडर, म्हणजे गळाकडचा जाड तुकडा, हवाच, आणि खांबांजवळ तो किमान दोन मीटर असावा. दर माशानंतर आणि दर अडकण्यानंतर लीडर बोटांच्या चिमटीतून फिरवा. खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधा. मोठे मासे सुटतात ते बहुधा अशा आधीच सोललेल्या जागी.

ब्रेडेड दोरी आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ पुरेशी आहे. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, तंगुसाच्या बाजूला चार. आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापून तंगूस कमजोर होतो.

शिसं तळ बघून निवडायचं. वाळूवर चौकोनी पिरॅमिडचं शिसं रुततं. चिखलात चपटं बरं, कारण टोकदार शिसं खोल जाऊन आमिषालाही बरोबर नेतं. दगड-कालवांवर गुळगुळीत थेंबाच्या आकाराचं, कारण कोपरे असलेलं तिथे अडकतंच. तळाच्या माशांसाठी सरकतं शिसं बांधतात: मुख्य दोरीत भोकाचं शिसं ओवा, मागे एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), पुढे लीडर आणि गळ. मणी विसरला तर शिसं आपटून आपटून स्विव्हलची गाठ झिजते. ओढ जोरात असेल तर गळाकडचा हा पुढचा तुकडा 30-40 सेंटीमीटरवर आणा, नाहीतर तो गोल फिरून मुख्य दोरीला पीळ घालतो. खांबांजवळ लीडर लांब हवा आणि ओढीत आखूड, यातून मार्ग असा: लीडर दोन मीटरच ठेवायचा, पण सरकतं शिसं त्याच्यावरच ओवायचं आणि मणी-स्विव्हल गळापासून 40 सेंटीमीटरवर घ्यायचं.

तळ कालवांनी भरलेला असेल तिथे उलटी बांधणी: शिसं सगळ्यात खाली, गळ त्याच्या वर 40-50 सेंटीमीटरवर आखूड फांदीला, म्हणजे बाजूला काढलेल्या दोऱ्याला. शिसं मुख्य दोरीपेक्षा कमजोर दोऱ्याने बांधलं की अडकल्यावर फक्त तेच जातं, बाकी सगळं परत येतं.

जोराच्या ओढीत आमिष सरळ समोर टाकू नका. ओढीच्या वरच्या बाजूला तिरकं टाका, शिसं तळाला बसेपर्यंत दोरी सुटू द्या, मग थोडी जास्तीची सोडा. पाण्यात दोरीची कमान तयार होते आणि ती शिशाला वर न उचलता तळालगत आडवं ओढून रुतवते. या मांडणीत मासा लागला की रॉडचं टोक वाकण्याऐवजी एकदम सरळ होतं, कारण शिसं उखडून दोरी सैल पडते. तेव्हा भराभर गुंडाळायचं. ताण हाताला लागेपर्यंत हिसका देण्यात अर्थ नाही.

आमिष जितकं ताजं तितकं बरं, आणि नीट लावलेलं. मेलेली कोळंबी डोकं काढून शेपटीकडून गळावर ओवायची, कवच तसंच ठेवायचं, आणि टोक पोटाच्या बाजूने बाहेर काढायचं. कोळंबी गळावर वाकडी झाली तर ओढीत ती पंख्यासारखी फिरते, दोरीला पीळ पडतो आणि मासाही लांब राहतो. टाकण्याआधी पाण्यात सोडून एकदा बघा. सरळ राहिली तरच टाका. मऊ झालेलं आमिष दोन-चार वेढे बारीक लवचिक दोऱ्याने बांधलं की फेकताना उडून जात नाही. जिवंत कोळंबी लावायची असेल तर डोक्यावरच्या काट्याखालून, आत जो काळा ठिपका दिसतो त्याच्या पुढून गळ न्यायचा. ठिपक्याला टोचलं की ती मेली. दुसरी जागा शेपटीच्या शेवटच्या पेराची. जिवंत आमिषाच्या बादलीत पाणी कुठल्या वेळी भरलं हेही महत्त्वाचं आहे. ओहोटीच्या शेवटी वरून भरलेलं पाणी जवळजवळ गोडं असतं, आणि खाऱ्यातून आणलेली कोळंबी त्यात लवकर सुस्तावते. पाणी भरतीच्या उत्तरार्धात भरावं.

थरांचा हाच नियम फ्लोटलाही, म्हणजे आमिष ठरावीक खोलीवर धरणाऱ्या तरंगत्या खुणेलाही, लागू. फ्लोटखाली आमिष मीटरभर खोल असेल आणि वरचा गोडा थर दीड मीटरचा असेल, तर तुम्ही नदीत मासेमारी करताय, समुद्राचा मासा त्या खालून जातोय. खोली दर पंधरा मिनिटांनी अर्ध्या मीटरने बदलत राहा.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ताणाला दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्श्यावर ठेवतात; 12 किलोच्या दोरीला 3 किलो. हाताने अंदाज करू नका, स्प्रिंगचा काटा लावून रॉडसकट ओढून बघा. खांबांजवळ मात्र ही वाटणी चालत नाही. तांबोशी किंवा गोबरा लागला की पहिल्या दोन-तीन सेकंदांत खांबाकडे धाव घेतो, आणि तेव्हा दोरी दिली की संपलं. अशा जागी जाड लीडर, 2.1 ते 2.4 मीटरचा कणखर रॉड, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ड्रॅग, आणि रॉड हातातच. तो कठड्याला टेकवून गप्पा मारायच्या असतील तर जागा मोकळ्या पाण्याकडची घ्या.

सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरत असाल तर हिसका देऊ नका. मासा आमिष घेऊन वळतो, दोरी ताणते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हिसक्याने तो तोंडातून निसटून येतो. परत सोडायच्या माशासाठी हाच गळ चांगला, कारण तो क्वचितच घशात जातो.

मासा वर कसा घेणार हे आमिष टाकण्याआधी ठरवा. ओहोटीला पाणी जेटीपासून तीन-चार मीटर खाली जातं, आणि पाण्यात हलका वाटणारा चार किलोचा मासा हवेत आला की त्याचं सगळं वजन गळाच्या एका टोकावर येतं. दोरीने वर ओढताना कठड्याच्या उंचीवर सुटलेले मासे प्रत्येक जेटीने पाहिलेत. त्यासाठी 70-80 सेंटीमीटर व्यासाच्या कड्याची, दोराला बांधलेली उतरती जाळी ठेवा. जाळीच्या बुडाशी थोडं शिसं बांधा, नाहीतर ओढीत ती उताणी होऊन तोंड मिटते. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर करायची, मग मासा डोक्याकडून तिच्यावर आणायचा. शेपटीकडून घ्यायला गेलात तर तो पुढे झेप घेतो. पायऱ्यांनी खाली उतरून मासा घ्यायचा मोह टाळलेला बरा. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातलं शेवाळ बुटालाही दाद देत नाही.

मुखावर शिंगाळा हमखास लागतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन दातेरी, विषारी काटे असतात, आणि ते ताठ उभे करून तो अडकवून ठेवतो. त्याला फडक्याने दाबून धरण्यापेक्षा लांब चिमट्याने गळ काढा. काटा लागलाच तर जखमेत तुकडा राहिलाय का ते पाहा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर न जाऊ देता, अर्धा ते दीड तास बुडवा. पाण्याचा अंदाज दुखऱ्या हाताने घेऊ नका, दुसऱ्या हाताने घ्या. त्यानंतर डॉक्टरांना दाखवा. पाकटाच्या काट्यालाही हाच प्रथमोपचार. पण काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो उपटू नका, तसंच दवाखान्यात न्या. फुगून गोल होणारा केंड मासा सोडून द्या. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असू शकतं, आणि ते शिजवल्याने जात नाही.

मोठ्या पावसानंतर नदी लाल होते आणि वाटतं, आता काही नाही. लोंढ्याचा पहिला जोर असेपर्यंत ते खरंही असतं. पण पाणी उतरू लागलं की वर खाडीत राहणारे मासे गोड्या पाण्यापुढे सरकत मुखाशी येऊन थांबलेले असतात. गढूळ आणि निवळ पाण्याची सीमा जेटीच्या आवाक्यात आली की गढूळ बाजूला आमिष टाकून सीमेपर्यंत वाहू द्या. तिथे दिसण्यापेक्षा वास जास्त कामाचा, म्हणून माकुळाच्या किंवा बोयटाच्या ताज्या कापाची पट्टी कोळंबीपेक्षा सरस ठरते. या दिवसांत झाडांचे ओंडके वाहत येतात, त्यामुळे दोरी पाण्यात जितकी कमी तितकं बरं. विजा दिसत असतील तर कार्बनचा रॉड उभा धरून थांबण्याइतका कोणताच मासा मोलाचा नाही.

होडी धक्क्याला लागत असेल तर तिची शिटी ऐकू येण्याआधी दोरी वर घ्या. पंख्याला गुंडाळलेली ब्रेडेड दोरी होडीच्या शाफ्टचं सील कापते. अडकलेला गळ सोडवताना रॉड वाकवून ओढू नका. रॉड आणि दोरी एका रेषेत धरा, हाताला फडकं गुंडाळा, आणि ओढीच्या दुसऱ्या बाजूला चालत जाऊन तिथून ओढा. पुष्कळदा तेवढ्याने सुटतो. तोडावीच लागली तर जितकी दोरी परत येईल तितकी आणा, कारण खांबाला गुंडाळलेली दोरी पुढे कित्येक वर्षं पाखरं आणि खेकडे अडकवत राहते.

घरी आल्यावर रील नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट करा, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, पुसा, आणि सुकायला ठेवताना ड्रॅग सैल सोडा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. वही उघडायची असेल तर घड्याळातल्या वेळेआधी तिथी, वेळापत्रकातली भरती, तळ फिरला ती वेळ, जेटीची कुठली बाजू आणि आमिषाची खोली एवढं लिहा. सुमारे पंधरा दिवसांनी जवळजवळ त्याच वेळी तशीच भरती येते, आणि कुठे उभं राहायचं ते त्या ओळीवरून ठरवता येतं.